दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक : दक्षिण आफ्रिका, रेनामो आणि मोझांबिक

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे, हा वाक्प्रचार आपण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून भाऊबंदकीच्या भांडणापर्यंत सर्रास वापरतो. आंतरराष्ट्रीय राजकारणात याच प्रकाराला वर्तमानपत्रे 'छुपे युद्ध' म्हणतात. एखादे बलाढ्य राष्ट्र आपले सैन्य सीमेपार न पाठवता शेजारच्या देशातील असंतुष्टांना पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण पुरवते. लढतात ते, मरतात ते. आणि जगाने जाब विचारला की हे राष्ट्र हात झटकून मोकळे होते. पाठ्यपुस्तकातील वर्णन साधारणतः एवढ्यावर संपते. मला त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. असे पोसलेले सैन्य लष्करी दडपणाखाली टिकते कसे? त्याचा तळ उद्ध्वस्त झाला, नेता मारला गेला, पोशिंद्याने जाहीरपणे हात काढून घेतला, तरीही ते पुन्हा उभे राहते, ते कशाच्या बळावर?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मोझांबिकच्या उदाहरणावरून केला आहे. आज हा विषय निघाला की पश्चिम आशियातील नावे प्रथम पुढे येतात आणि ते साहजिकही आहे. परंतु तेथील घडामोडी अजून चालूच आहेत. मोझांबिकची कथा मात्र आरंभापासून अखेरपर्यंत आपल्यापुढे आहे. पोशिंद्यांपैकी एकाने आठवणी लिहिल्या, शत्रूच्या तळावर रोजनिशा सापडल्या, निर्वासितांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. शिवाय हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे, आणि या कथेतील एक महत्त्वाचा माणूस गोव्यातच जन्मलेला आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक पोर्तुगालच्या जोखडातून मुक्त झाले. दहा वर्षे सशस्त्र लढा देणारी फ्रेलिमो ही संघटना सत्तेवर आली आणि तिचे नेते सामोरा माशेल अध्यक्ष झाले. नकाशा समोर ठेवला तर या नव्या राष्ट्राची अडचण लगेच कळते. पश्चिमेला ऱ्होडेशिया, म्हणजे आजचे झिंबाब्वे. तेथे इयन स्मिथ यांचे मूठभर गोऱ्यांचे सरकार. दक्षिणेला वर्णभेदाचे राज्य चालवणारी दक्षिण आफ्रिका. दोघांच्याही दृष्टीने शेजारी एक काळ्यांचे, तेही समाजवादी सरकार यशस्वी होणे धोक्याचे होते. माशेल यांनी मार्च १९७६ मध्ये ऱ्होडेशियाची सीमा बंद केली आणि झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसैनिकांना आपल्या भूमीवर तळ दिले. त्यासाठी आपल्या देशाचे फार मोठे उत्पन्न त्यांनी बुडू दिले, कारण ऱ्होडेशियाचा माल मोझांबिकच्याच बंदरांतून जात असे.

याला उत्तर म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने रेनामो जन्माला घातली. रेनामो या पोर्तुगीज संक्षेपाचा अर्थ 'मोझांबिकचा राष्ट्रीय प्रतिकार'. नाव राष्ट्रीय, पण जन्म परराष्ट्रात, आणि तोही गुप्तहेर खात्याच्या कचेरीत! या खात्याचे प्रमुख केन फ्लॉवर यांनी पुढे १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही गोष्ट स्वतःच सांगितली आहे. भरती झाली ती पोर्तुगीज सैन्यातील जुन्या शिपायांची आणि फ्रेलिमोतून फुटलेल्यांची. लोकांवर छाप पाडण्यासाठी आधी एक नभोवाणी केंद्र सुरू करण्यात आले, संघटना मागाहून उभी राहिली. पहिला नेता आंद्रे मात्सांगाइसा हा फ्रेलिमोच्याच सुधार-छावणीतून पळालेला माणूस. ऑक्टोबर १९७९ मध्ये गोरोंगोसाच्या परिसरातील चढाईत तो मारला गेला आणि अफोन्सो ध्लाकामा त्याच्या जागी आला. पुढे अडतीस वर्षांहून अधिक काळ, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ध्लाकामाच नेता राहिला.

१९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाले. वास्तविक पाहता रेनामोची कथा येथे संपायला हवी होती, कारण पोशिंदाच उरला नाही. परंतु सत्तांतराच्या सुमारास ही काही शे माणसांची टोळी, तिच्या नभोवाणीसकट, दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या हवाली करण्यात आली. ट्रान्सवालमधील फालाबोरवा येथे तिची छावणी पडली. एखादे बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरी हलावे, तसे हे युद्ध एका राष्ट्राकडून दुसऱ्या राष्ट्राकडे गेले.

दक्षिण आफ्रिकेला यातून काय हवे होते, हे समजून घेण्यासाठी रेल्वेकडे पाहिले पाहिजे. झिंबाब्वे, झांबिया आणि मलावी या देशांना समुद्रकिनारा नाही. त्यांचा माल समुद्रावर न्यायचा तर मोझांबिकमधील बैरा, नाकाला आणि मापुटो ही बंदरे जवळची. १ एप्रिल १९८० रोजी लुसाका येथे नऊ काळ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकेवरील आपले परावलंबन कमी करण्याचा संकल्प सोडला. त्यांचा सारा भरवसा या बंदरांवर आणि त्यांच्या रेल्वेमार्गांवर होता. मार्ग बंद पडले, की हा माल दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने दक्षिण आफ्रिकेच्याच बंदरांत जाणार. मग ठरावांना विचारतो कोण! म्हणून रेनामोने रूळ उखडले, पूल पाडले, आगगाड्यांवर हल्ले केले. जेथे अधिक कौशल्य हवे होते तेथे दक्षिण आफ्रिकेचे कमांडो स्वतः जात. डिसेंबर १९८२ मध्ये बैरा येथील तेलाच्या टाक्या अशाच उडवण्यात आल्या.

दुसरा हिशेब माणसांचा होता. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. अंगोलामध्ये तिचे सैन्य प्रत्यक्ष उतरले. १९८७-८८ मध्ये कुइतो कुआनावाले येथे त्याची क्यूबाच्या व अंगोलाच्या सैन्याशी गाठ पडली. तेथून शवपेट्या घरी येऊ लागल्या की आईबाप प्रश्न विचारू लागत. मोझांबिकमध्ये मात्र मरणारे दोन्ही बाजूंनी मोझांबिकचेच. प्रिटोरियात बसून पाहणाऱ्याला यापेक्षा स्वस्त युद्ध कोणते असणार? छुप्या युद्धाचा टिकाऊपणा म्हणतात, त्यातला एक भाग हा असा अगदी व्यापारी आहे. पोशिंद्याला ते परवडते.

माशेल यांना हे ठाऊक होते. देश दुष्काळाने आणि युद्धाने खचला होता. त्याआधी दक्षिण आफ्रिकेने आपल्या खाणींत काम करणाऱ्या मोझांबिकी मजुरांची संख्या स्वातंत्र्यानंतरच्या दोन वर्षांत लाखावरून निम्म्याच्याही खाली आणली होती. अखेर १६ मार्च १९८४ रोजी न्कोमाती नदीकाठी माशेल आणि पी. डब्ल्यू. बोथा यांनी करार केला. मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सैनिकांना थारा द्यायचा नाही, दक्षिण आफ्रिकेने रेनामोला मदत करायची नाही. माशेल यांनी आपला शब्द पाळला. ज्या चळवळीला जिवाभावाची मानले, तिच्या माणसांना त्यांनी देशाबाहेर जायला सांगितले. यासाठी आफ्रिकेतील मित्रांची बोलणीही खाल्ली. रेनामोच्या कारवाया मात्र कमी झाल्या नाहीत. त्या राजधानीच्या परिसरापर्यंत वाढल्या.

असे का झाले, याचे उत्तर पुढच्याच वर्षी सापडले. २८ ऑगस्ट १९८५ रोजी झिंबाब्वेच्या छत्रीधारी सैनिकांनी मोझांबिकच्या सैन्यासह गोरोंगोसातील 'काझा बनाना' हा रेनामोचा मुख्य तळ जिंकला. ध्लाकामा निसटला, पण त्याच्या चिटणिसाच्या रोजनिशा मागे राहिल्या. मोझांबिक सरकारने त्या प्रसिद्ध केल्या. करारापूर्वीच रेनामोला पुरेसा शस्त्रसाठा देऊन ठेवण्याची कशी तजवीज झाली, करारानंतरही संपर्क कसा राहिला, दक्षिण आफ्रिकेचे उपपरराष्ट्रमंत्री लुई नेल स्वतः विमानाने या तळावर कसे येऊन गेले, हे सारे त्यांत होते. परराष्ट्रमंत्री पिक बोथा यांनी यावर कराराचा काही 'तांत्रिक भंग' झाल्याचे मान्य केले. सरकारी भाषेचा हा नमुना राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा आहे.

आता तळ गेला, कागदपत्रे गेली, पोशिंदा जगापुढे उघडा पडला. मग रेनामो मोडली का? नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये तिने काझा बनाना फ्रेलिमोच्या सैनिकांकडून परत घेतले. ते पुन्हा सोडवायला झिंबाब्वेच्या सैन्याला दुसऱ्यांदा यावे लागले. त्या वर्षाअखेर शेजारच्या मलावीने आपल्या भूमीवरील रेनामोच्या लढवय्यांना बाहेर काढले, तेव्हा ते हजारोंनी झांबेझिया प्रांतात घुसले. ही हकालपट्टी मोझांबिकनेच दडपण आणून घडवली होती आणि तिचा पहिला फटका मोझांबिकलाच बसला. बैरा मार्गाच्या रक्षणासाठी झिंबाब्वेचे हजारो सैनिक होते, झांबेझियात काही काळ टांझानियाचे सैन्य होते, नाकालाच्या रेल्वेवर मलावीचे सैनिक होते. तीन देशांची सैन्ये मदतीला असूनही जवळजवळ प्रत्येक प्रांतात रेनामोच्या कारवाया चालूच राहिल्या.

याची काही कारणे लष्करी आहेत. रेनामोचे तळ विखुरलेले, लहान, गवती झोपड्यांचे. जाळला तरी आठवड्यात दुसरीकडे उभा. या तळांना दक्षिण आफ्रिकेने दिलेल्या बिनतारी संदेशयंत्रांनी जोडलेले होते, त्यामुळे रानात पांगलेल्या तुकड्यांना एकच हुकूम देता येई. उलट फ्रेलिमोचे सैन्य सोव्हिएत पद्धतीने रणगाड्यांच्या लढाईसाठी घडवलेले. सक्तीने भरती केलेली पोरे, पगार वेळेवर नाही, शिधा नाही. ती तालुक्याच्या ठाण्यात अडकून पडत. रान रेनामोचे, ठाणे सरकारचे. अन्न रेनामो आसपासच्या शेतकऱ्यांकडूनच वसूल करी आणि ओझी वाहायला गावातील बायकामुलांना जुंपी. म्हणजे शस्त्रे बाहेरची असली तरी पोट देशातच भरत होते. जिचे पोट बाहेरच्या रसदीवर अवलंबून नाही अशी फौज रसद तोडून मरत नाही.

परंतु माझ्या मते खरे कारण याच्याही खाली आहे. ते गावात आहे.

ख्रिस्तियाँ जेफ्रे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने नाम्पुला प्रांतातील एराती या भागात राहून अभ्यास केला आणि १९९० मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने मांडलेले चित्र थोडक्यात असे. स्वातंत्र्यानंतर फ्रेलिमोने ग्रामीण भाग एका झटक्यात आधुनिक करण्याचे ठरवले. परंपरागत नाईक-मुखिये पोर्तुगीजांचे हस्तक म्हणून पदच्युत करण्यात आले. पूर्वजांचे विधी ही अंधश्रद्धा ठरली. विखुरलेल्या वाड्यांतील लोकांनी 'सामुदायिक गावांत' येऊन राहावे असा आदेश निघाला. हेतू वाईट नव्हता. एकत्र वस्ती झाली तर शाळा, दवाखाना आणि पाणी देता येईल, हा हिशेब कागदावर बिनचूकच आहे. परंतु नवे गाव ज्या कुळाच्या जमिनीवर बसले, ते कुळ तेथे यजमान झाले आणि इतर सारे उपरे. शेते लांब पडली. मुखिये अपमानाने जळत राहिले. अशा वेळी रेनामोची माणसे रानातून आली आणि म्हणाली, आपापल्या जुन्या वाड्यांवर परत जा, तुमचे मुखिये आम्ही मानतो. काही मुखिये आपल्या साऱ्या लोकांनिशी रेनामोच्या बाजूला गेले. त्यांना प्रिटोरियाशी काही देणेघेणे नव्हते; बोथा हे नावही त्यांतल्या कित्येकांनी ऐकले नसेल.

मला हा भाग वाचताना आमच्या घरचे बोलणे आठवले. आमचे जुने गाव धरणात गेले ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. नव्या गावठाणात रुंद रस्ते आहेत, ओळीत घरे आहेत, विजेचे दिवेही जुन्या गावाच्या आधी येथे आले. तरीही माझी आजी पाण्याखालच्या गावालाच 'गाव' म्हणते आणि आम्ही राहतो त्याला 'कॅम्प'. ज्यांच्या शिवारात हा कॅम्प बसला, त्यांच्या लेखी आम्ही आजही 'धरणातले'. अर्थात आमच्याकडे कोणी बंदूक उचलली नाही; मोर्चे निघाले, अर्ज झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. नाराजी आपोआप बंदूक होत नाही. बंदूक कोणी तरी आणून द्यावी लागते, आणि नाराजीला जाण्यासाठी दुसरी वाट उरलेली नसावी लागते. मोझांबिकमध्ये एकच पक्ष होता, अर्ज करायचा तो त्याच्याचकडे. आणि बंदूक आणून देणारा सीमेवर उभाच होता.

या विश्लेषणावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. असे लिहिल्याने रेनामोला लोकांचा पाठिंबा होता असे भासते व तिची पापे झाकली जातात. ती झाकण्याचे कारण नाही. १८ जुलै १९८७ रोजी ओमोइने या गावी झालेल्या कत्तलीत सरकारी आकड्यानुसार ४२४ माणसे मारली गेली. रुग्णालयातील रुग्णही त्यांत होते. मोझांबिक सरकारने आणि बहुतेक निरीक्षकांनी ही कत्तल रेनामोच्या माथी लावली. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी रॉबर्ट गेर्सोनी यांनी सुमारे दोनशे निर्वासितांच्या मुलाखतींवरून अहवाल तयार केला. त्यात रेनामोने किमान एक लाख नागरिक मारले असावेत असा अंदाज होता. कान कापणे, मुलांना पळवून नेऊन त्यांच्याच हातून हत्या करवणे, अशा गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. रेनामोचे बरेचसे सैनिक असे पळवलेलेच होते. एकदा आपल्याच गावात हात रंगवलेला मुलगा परत जाणार कोठे? हाही टिकाऊपणाचाच एक भाग, आणि माझ्या मते सर्वांत भयंकर. अंगोलात युनिटाला शस्त्रे देणाऱ्या रेगन सरकारने रेनामोला उघड मदत दिली नाही, आणि या अहवालानंतर तर अमेरिकेतील तिचे पाठीराखेही गप्प झाले.

तरीही नाराजी आणि दहशत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एराती येथील मुखिया रेनामोकडे गेला हेही खरे, आणि ओमोइने येथील माणसे मारली गेली हेही खरे. निरनिराळ्या प्रांतांत हे युद्ध निरनिराळे होते. दक्षिणेत रेनामोने जवळजवळ केवळ विध्वंस केला. मध्य भागात आणि उत्तरेत तिला काही ठिकाणी आश्रय मिळाला. फ्रेलिमो तिला 'सशस्त्र डाकू' म्हणत राहिली. संज्ञा सोयीची होती, कारण डाकूंशी बोलणी करावी लागत नाहीत आणि आपल्या धोरणाकडे वळून पाहावे लागत नाही. पोशिंदा परका असला, की आपल्या घरातील भेग दिसेनाशी होते.

पोशिंद्याचे तरी या फौजेवर किती नियंत्रण होते? झांबेझी नदीवरील काहोरा बासा धरणाची वीज हजार किलोमीटरहून लांबीच्या तारांनी दक्षिण आफ्रिकेला जायची. धरण बांधले गेले तेच मुख्यतः त्यासाठी. रेनामोने या तारांचे शेकडो मनोरे पाडले. १९८० च्या दशकाचा बहुतेक काळ ही वीज बंद राहिली आणि वाहिनी पूर्ववत व्हायला युद्ध संपून पाच वर्षे जावी लागली. न्कोमाती करारानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला ही वीज हवी होती, तारांच्या रक्षणाची बोलणीही झाली, पण मनोरे पडतच राहिले. आपण पाळलेले जनावर आपलेच कुंपण मोडते, तशातला हा प्रकार. दक्षिण आफ्रिकेतही परराष्ट्र खाते एक म्हणत होते आणि लष्कर दुसरेच करत होते. त्यामुळे नियंत्रण 'कोणाचे', हा प्रश्न दोन्ही टोकांना अवघड आहे.

१९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री माशेल यांचे विमान झांबियातून परतताना दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत मबुझिनी येथे डोंगरावर आदळले आणि त्यांचा अंत झाला. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी आयोगाने वैमानिकांना दोष दिला. खोटा संकेत पाठवून विमान भरकटवले, असा संशय मोझांबिकने आणि सोव्हिएत रशियाने व्यक्त केला. वर्णभेद संपल्यावर नेमलेल्या सत्यशोधन आयोगालाही यावर अंतिम निर्णय देता आला नाही. या अपघातात माशेल यांच्याबरोबर आकिनो द ब्रागांझा हेही गेले. हेच ते गोव्याच्या बार्देश तालुक्यात जन्मलेले गृहस्थ. पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिलढ्यांत त्यांनी सारे आयुष्य घालवले, माशेल यांचे ते निकटचे सल्लागार होते आणि मापुटोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यास केंद्राचे संचालक होते. त्याच केंद्रात ऑगस्ट १९८२ मध्ये टपालाने आलेल्या बाँबने रूथ फर्स्ट या विदुषीचा बळी घेतला होता; त्या स्फोटात ब्रागांझाही जखमी झाले होते. अध्यापकाच्या टेबलापर्यंत पोचणारे युद्ध होते हे. आपल्याकडे गोवा मुक्तिसंग्रामावर पुष्कळ लिहिले जाते, पण या गोमंतकीयाचे नाव मला एका इंग्रजी पुस्तकात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना भेटले.

शेवट लष्करी विजयाने झाला नाही. माशेल यांच्यानंतर आलेले जोआकिम शिसानो यांनी एक एक करून त्या गोष्टी बदलल्या, ज्यांवर रेनामो जगत होती. १९८९ च्या अधिवेशनात फ्रेलिमोने मार्क्सवाद-लेनिनवादाचा आग्रह सोडला. १९९० च्या राज्यघटनेने अनेक पक्षांना वाव दिला. सामुदायिक गावांची सक्ती तर युद्धातच विरून गेली होती. दरम्यान दक्षिण आफ्रिकेत द क्लर्क सत्तेवर आले, मंडेला सुटले, आणि ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी हे युद्ध पोसले ती व्यवस्थाच आटोपती घ्यावी लागली. तरी रेनामो लढतच होती. जुलै १९९० पासून रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक संघटनेच्या मध्यस्थीने बोलणी चालली. १९९१-९२ च्या भीषण दुष्काळात गावांत लुटण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा रानातल्या फौजेचेही पोट रिकामे राहू लागले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर सह्या झाल्या. तोपर्यंत उपासमार व रोगराई धरून सुमारे दहा लाख माणसे गेली होती आणि पंधरा लाखांहून अधिक शेजारी देशांत निर्वासित होती. शांतता राखण्यासाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलात भारतीय सैनिकही होते.

ऑक्टोबर १९९४ मध्ये निवडणूक झाली. रेनामोला विधिमंडळासाठी जवळजवळ ३८ टक्के मते आणि २५० पैकी ११२ जागा मिळाल्या. सोफाला, मानिका, तेते, झांबेझिया आणि नाम्पुला या पाच प्रांतांत ती फ्रेलिमोच्या पुढे होती. ज्या फौजेला पंधरा वर्षे 'परक्यांचे बाहुले' म्हटले, तिला दर तीन मतदारांमागे एकाहून अधिकाने मत दिले! काहींनी भीतीने दिले असेल, युद्ध पुन्हा सुरू होऊ नये म्हणून दिले असेल. पण ज्या भागात मुखियांचा आणि सामुदायिक गावांचा प्रश्न तीव्र होता, तेथे ही मते अधिक पडली, याचा अर्थ केवळ भीतीने लागत नाही.

तुलनेसाठी अंगोलातील युनिटा पाहावी. तिलाही दक्षिण आफ्रिकेने पोसले. पोशिंदा गेल्यावर तिने हिऱ्यांच्या खाणींवर स्वतःचे पोट भरले आणि आणखी दशकभर युद्ध चालवले. २२ फेब्रुवारी २००२ रोजी तिचा नेता जोनास साविंबी मारला गेला, आणि सहा आठवड्यांच्या आत तह झाला. तेथे सारी दोरी एका माणसाच्या हातात होती. रेनामोचा पहिला नेता १९७९ मध्ये पडला तेव्हा तसे काही घडले नाही.

मोझांबिकमध्ये मात्र हिशेब पुरता मिटला नव्हता. २०१३ मध्ये ध्लाकामा पुन्हा गोरोंगोसाच्या रानात गेला आणि महामार्गावर गोळ्या झडू लागल्या. या वेळी मागे कोणतेही परराष्ट्र नव्हते. मागण्या होत्या त्या प्रांतांची सत्ता आणि सैन्यातील जागा. ३ मे २०१८ रोजी तो त्याच परिसरात आजाराने वारला. ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार झाला आणि जून २०२३ मध्ये रेनामोचा शेवटचा तळ बंद होऊन पाच हजारांहून अधिक लढवय्ये शस्त्रे ठेवून घरी गेले. त्यांतले कित्येक पिकल्या केसांचे होते. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत रेनामो तिसऱ्या क्रमांकावर घसरली. निकालाविरुद्ध मापुटोच्या रस्त्यांवर जे तरुण उतरले, त्यांच्या तोंडी तिचे नाव नव्हते. त्यांतील बहुतेकांचा जन्म रोमच्या करारानंतरचा होता.